ताईच्या शेजारचं घर

घर विकायचं असेल तर आधी एजंट निवडावा लागतो, आणि एजंट निवडायचा असेल तर आधी स्वभाव बदलावा लागतो, हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर मी देवाकडे जरा वेगळ्या शब्दांत मागणं केलं असतं. मी एवढंच मागितलं होतं, की ताईच्या शेजारचं घर आम्हाला मिळू दे. ते कसं मिळू दे, हे मी त्याच्यावर सोडलं होतं. देवावर तपशील सोडले की तो आधी स्वतःच्या करमणुकीची सोय बघतो, असं आमचे हे म्हणतात. मी असं म्हणत नाही. पण ते म्हणतात तेव्हा हल्ली मी त्यांना अडवतही नाही.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. लहानपणी मी तिच्या मागे मागे एवढी फिरायचे, की तिने माझं नाव शेपूट ठेवलं, आणि माझे केस पांढरे झाले तरी तिने ते बदललं नाही. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. बस बदलून, मग पुन्हा बस बदलून तिच्याकडे पोचायचं, की चहा होईपर्यंत परतीची वेळ. भावोजी गेल्यापासून ती एकटी आहे. मुलगा परदेशात, तो फोनवर दिसतो पण पुसट दिसतो. आमचं दोघींचं रोज बोलणं व्हायचं. फोनमधून तिच्या घरातले आवाज मला पाठ झाले होते. भिंतीवरचं घड्याळ किती जोरात चालतं, कपाटाचं दार कधी कुरकुरतं, आणि बोलता बोलता ती गप्प झाली की त्या घड्याळाचा आवाज कसा मोठा होतो, हेसुद्धा. ती फोन ठेवताना नेहमी म्हणायची, "काही नाही गं, सहज केला होता."

एकदा तिने सहज फोन केला आणि ब्लाउजच्या शिलाईबद्दल बोलता बोलता सहज सांगितलं, की मध्यंतरी ती न्हाणीघरात घसरून पडली होती आणि बराच वेळ तशीच पडून होती. आता सूज उतरली आहे. शिंपी मात्र फार कापड खातो.

त्या दिवसापासून माझ्या जपाची घडी विस्कटली. ओठांवर देवाचं नाव असायचं आणि डोळ्यांपुढे ताईच्या न्हाणीघरातली ओली फरशी.

तिच्याकडेच राहायला जाऊ या, असं मी यांना एकदा आडून आडून सुचवून पाहिलं होतं. हे म्हणाले, "पाहुणा म्हणून दोन दिवस येईन. पण माझा टॉवेल मेहुणीच्या दोरीवर कायमचा वाळत पडलेला मला खपणार नाही." यांच्या बोलण्यात टॉवेल आला की विषय संपतो. ताईनेही कधी "ये" म्हटलं नाही. आम्ही दोघी मागायला कच्च्या. आमच्या आईने आम्हाला वाढताना 'पुरे' म्हणायला शिकवलं, 'अजून वाढ' म्हणायला शिकवायचं राहून गेलं.

आणि मग ताईच्या शेजारचं घर विकायला निघालं. मालक कितीतरी वर्षं दुसरीकडे राहत होते, घर कुलपात होतं. "कोण येतंय कोण जाणे," ताई म्हणाली, "स्वैपाकघराची भिंत एकच आहे. तिकडे वाटी पडली तरी मला ऐकू येईल." एवढं बोलून ती गप्प झाली आणि घड्याळ मोठं झालं. मी यांना सांगितलं. शेजारी राहण्यात टॉवेलाला धोका नव्हता. हे तयार झाले. आता फक्त आमचं घर विकायचं होतं, आणि तेही शेजारचं घर दुसऱ्या कोणाच्या हातात जायच्या आत.

इथे मला माझ्या नेमांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यामुळे झाला असं आमची इमारत अजून म्हणते. नेम काही फार कडक नाहीत. सकाळी आंघोळ झाल्यापासून माळ पूर्ण होईपर्यंत मौन. खोटं बोलायचं नाही. कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही. आणि दारी आलेल्याला 'नाही' म्हणून परत पाठवायचं नाही. घरात बसून देवाचं नाव घ्यायचं असेल तर हे नेम फार सोपे आहेत. तेच घर विकायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आमची बातमी इमारतीत आमच्याआधी पोचली. समोरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, एजंट नेहमी स्वतःच्या घरात राहणारा बघावा, ज्याला स्वतःसाठी घर घेता आलं नाही तो आपलं काय विकणार. तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, भाड्याच्या घरात राहणाराच घ्यावा, त्याला गरज असते, स्वतःच्या घरातला सुस्तावलेला असतो. वरचे वकील म्हणाले, एजंट घेऊच नये, पण घेतलाच तर आधी त्यांना विचारून घ्यावा. आणि इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, त्यांचा मेहुणा हेच काम करतो. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की तो सल्ला आहे की ठराव हे समजेना.

हे विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झाले आहेत. जळालेल्या दुकानांवर आणि चोरीला गेलेल्या गाड्यांवर संशय घेण्यात यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे यांनी ठरवलं, की एजंटांच्या रीतसर मुलाखती घ्यायच्या. जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, पलीकडे एकच खुर्ची ठेवली, आणि ती मुद्दाम डुगडुगणारी.

पहिले आले ते कोटवाले. उन्हाळ्यातही कोट. ते आमच्या घराला एकदाही घर म्हणाले नाहीत, प्रॉपर्टी म्हणाले, आणि मोरीला 'युटिलिटी'. ऐकताना मला उगाचच आपण आपल्याच घरात पाहुण्या म्हणून उभ्या आहोत असं वाटलं. यांनी विचारलं, तुम्हाला विकता आलं नाही असं घर कोणतं. ते म्हणाले, सर, तसं घर अजून बांधलं गेलेलं नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं. दावा नामंजूर करताना ते बहुधा असंच पाहत असावेत.

दुसरा सेक्रेटरींचा मेहुणा. त्याने मुलाखत दिलीच नाही, उलट घेतली. तुमचं वय काय, मुलं का नाहीत, आता एवढ्या वयात कशाला हलताय. मग उठून त्याने कपाटं उघडून पाहिली आणि डब्यातली बिस्किटं संपवून गेला.

तिसरे किल्लीवाले. काटकुळे, मवाळ, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले, त्यामुळे ती डुगडुगलीच नाही आणि यांचा विरस झाला. त्यांच्या हातात रिकाम्या घरांच्या किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा होता, की ते बोलायला लागले की तो वाजायचा आणि ते गप्प झाले तरी थोडा वेळ वाजत राहायचा. त्यांची कामं कुठे कुठे चालतात असं यांनी विचारल्यावर ते एकेक किल्ली बाजूला सारत सांगू लागले. ही बाजारातली, ही तलावाजवळची, ही शाळेच्या मागची, दोन खोल्या, वर गच्ची, मालक दुसरीकडे असतात, शेजारी एक एकट्या बाई राहतात.

मी पुढे होऊन ती किल्ली हातात घेतली. मुलाखतीत असं करायचं नसतं, यांनी डोळ्यांनी दटावलंही. साधी पितळी किल्ली होती, त्यांच्या हाताने गरम झालेली. मला वाटलं, आत्ता बसमध्ये बसावं, ते कुलूप उघडावं, आणि स्वैपाकघरात जाऊन भिंतीवर नुसतं टकटक करावं. पलीकडून ताई म्हणेल, कोण आहे? मग मी काय म्हणेन, तेही मी ठरवून टाकलं होतं. "काही नाही गं, सहज."

माझ्यापुरता एजंट ठरला. पण यांनी मुलाखतींचा निकाल असा लावला, की तिघेही नापास, आपण स्वतःच जाहिरात देऊ. दुसऱ्या दिवशी हे बाहेर गेले आणि तिघेही एकामागून एक दारात आले, निकाल विचारायला. दारी आलेल्याला काय सांगायचं, हे नेमात स्पष्ट होतं. तिघांनाही मी हो म्हटलं.

त्याचं फळ रविवारी मिळालं. आमच्या दोन खोल्यांत तीन एजंट, तिघांची गिऱ्हाइकं, त्यांची मुलंबाळं आणि काय चाललंय ते बघायला आलेले शेजारी. कोटवाले किल्लीवाल्यांच्या गिऱ्हाइकाला 'युटिलिटी' दाखवत होते. मेहुण्याने आणलेलं कुटुंब त्याच्याच काकांचं होतं, त्यांना घर नको होतं, रविवार घालवायचा होता. एका बाईंनी मलाच विचारलं, तुम्ही पण बघायला आलात का. हे आपल्याच घरात दाराशी चपला शोधत होते. "कोणाला नेमलंय तू?" यांनी मला कोपऱ्यात गाठून विचारलं. मी खरं ते सांगितलं. यांनी चपला घातल्या आणि संध्याकाळपर्यंत बागेत बसून राहिले.

पण गर्दी झाली तरी एकही गिऱ्हाईक पटेना, आणि दोष माझा होता असं तिघांचं एकमत झालं. लोक विचारायचे, मी सांगायचे. उकडतं का? हो, दुपारी उकडतं. पाणी कसं येतं? कण्हत येतं. एका गृहस्थांनी विचारलं, शेजारी कसे आहेत. आता खोटं बोलायचं नाही आणि वाईटही बोलायचं नाही, मग उरतं काय? मी म्हटलं, "त्यांच्यासाठी मी रोज प्रार्थना करते." ते गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले.

कोटवाले पहिले गळाले. जाताना म्हणाले, मॅडम, असा प्रामाणिकपणा प्रॉपर्टीला परवडत नाही. मग मेहुणा गळाला आणि सेक्रेटरींना ते लागलं. घर विकायला इमारतीचा ना हरकत दाखला लागतो, तो सेक्रेटरींच्या सहीने मिळतो. हे अर्ज घेऊन गेले तर सेक्रेटरी म्हणाले, असा हातोहात अर्ज घेता येत नाही, खालच्या पेटीत टाका. यांनी टाकला. नंतर विचारलं, तर म्हणाले, पेटीची किल्ली हरवली आहे. मग दुसरा अर्ज लिहून देतो, असं हे म्हणाले. दुसरा अर्ज कसा घेणार, पहिला अजून प्रलंबित आहे, असं सेक्रेटरी म्हणाले. ज्या माणसाने जन्मभर इतरांचे कागद प्रलंबित ठेवले, त्याला तो शब्द पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूने ऐकायला मिळाला होता. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. पुढे यांनी विणकामाची सुई पेटीच्या फटीत घालून अर्ज बाहेर ओढायचा प्रयत्न केला. तेव्हा शिक्षिकाबाई जिन्यातून खाली येत होत्या आणि यांनी त्यांना सांगितलं, की ते पेटीची खोली मोजत आहेत.

शेवटी किल्लीवाल्यांनी आपल्या जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून लावून पाहिल्या. तलावाजवळच्या घराची किल्ली पेटीला लागली. पेटीत आमचा अर्ज होता आणि त्याखाली इमारतीचे कित्येक वर्षांचे अर्ज होते, वकिलांचा, डॉक्टरांचा, सगळ्यांचे. लोकांनी ते तिथेच वाचायला घेतले. त्या गडबडीत सेक्रेटरींनी आमच्या दाखल्यावर न वाचता सही केली.

किल्लीवाल्यांबद्दल यांचं मत तेव्हापासून थोडं बरं झालं. पण त्यांची खरी हुशारी अजून पुढेच होती. त्यांनी माझी दिनचर्या बारकाईने विचारून घेतली, आणि मग गिऱ्हाइकं आणायला सुरुवात केली ती नेमकी सकाळी, माझ्या मौनाच्या वेळेला. मी हातात माळ घेऊन देवापुढे बसलेली. घर झाडलेलं, दिवा लागलेला. भिंतीवर ओल होती तिथे त्यांनी एका धबधब्याचं मोठं चित्र आणून टांगलेलं. यांना त्यांनी सांगून बागेत पाठवलेलं. लोक आत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि आपोआप हळू बोलू लागायचे. किती शांत घर आहे, असं एक जण कुजबुजला. मनात मी म्हणत होते, थांबा हो, दुपारी या, वरच्या वकिलांचा मुलगा व्यायाम करतो तेव्हा या. पण ओठ मिटलेले. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं का, हा प्रश्न मी देवाला घातला. त्याने त्याचं मौन पाळलं.

मग ते जोडपं आलं. नुकतंच लग्न झालेलं. तो कुठे तरी कारकून होता, ती दवाखान्यात परिचारिका. घराकडे बघत होते ते असं, की जणू सामान कुठे लावायचं ते ठरलंच आहे. ती खिडकीशी गेली, कट्ट्यावर हात फिरवला, शेगडीपाशी उभी राहून पाहिली. मग धबधब्याच्या चित्रासमोर थांबली आणि माझ्यापाशी येऊन खाली बसली. "काकू," ती हळूच म्हणाली, "या भिंतीला ओल येते का हो?"

किल्लीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या जुडग्यात ती शाळेमागची किल्ली होती. नुसती 'नाही' अशी मान हलवली, की घर जाणार होतं आणि मला ताईची भिंत मिळणार होती. ताई पुन्हा पडली तर तिची हाक मला ऐकू येणार होती. माळेचा मणी माझ्या बोटांत तसाच राहिला. मी देवाकडे बघितलं नाही. त्याचं मत मला माहीत होतं.

मी उठले, मौन न मोडता, आणि ते चित्र खिळ्यावरून उतरवून बाजूला ठेवलं. ओल या पावसात अजूनच पसरली होती. किल्लीवाल्यांनी डोळे मिटून घेतले. ती मुलगी ओलीवर बोट फिरवून आली, मग मला वाकून नमस्कार करून गेली. माळ पुरी झाल्यावर मी पदराने डोळे पुसले आणि मग धबधबा मोरीत नेऊन ठेवला.

दुपारी ताईला फोन केला. घर काही विकलं जाईना, तुझ्या शेजारी बहुतेक दुसरंच कोणी येणार, असं सांगितलं. ताई म्हणाली, कोणी येत नाही. मी विचारलं, कशावरून? मग थोडं घड्याळ ऐकू आलं आणि ताईने सांगून टाकलं. शेजारचं घर बघायला जो येईल त्याला ती चहाला बोलवायची, आणि चहाबरोबर काही ना काही ऐकवायची. एकाला म्हणाली, भिंतीत मुंग्यांचं वारूळ आहे. दुसऱ्याला म्हणाली, समोरच्या शाळेची घंटा पहाटेच वाजते.

"आणि कालच्यांना म्हटलं, डोक्यावर रात्रभर कोणी तरी चालत असतं."

"अगं ताई, वर तर गच्ची आहे. तिथे कोण चालणार?"

"म्हणूनच तर घाबरले ना."

मला रागवायला हवं होतं. माझा नेम आहे खोटं न बोलण्याचा, आणि माझी सख्खी बहीण माझ्यासाठी, इतके दिवस, चहा पाजून पाजून खोटं बोलत होती. पण मला एवढंच सुचलं, की तिने 'ये' म्हटलं नव्हतं खरं, पण दुसऱ्या कोणालाही येऊ दिलं नव्हतं. "शेपटे, ऐकतेस ना?" ताई विचारत राहिली. 

ही गोष्ट किल्लीवाल्यांनाही कळली. कशी, तर त्या घराचं गिऱ्हाईक तेच नेत होते आणि ताईच्या भिंतीवर त्यांनी आमचा दोघींचा लहानपणीचा फोटो पाहिला. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि त्या डुगडुगणाऱ्या खुर्चीवर मागे टेकून बसले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "काकू, एक बहीण खरं बोलून माझं एक घर विकू देत नाही. दुसरी बहीण खोटं बोलून दुसरं विकू देत नाही. मी खायचं काय?" मी त्यांना जेवायला वाढलं. खाली मान घालून जेवता जेवता ते म्हणाले, तुम्ही दोघींनी कामं बदलून घेतली असती, तर दोन्ही घरं कधीच गेली असती.

आणि मग सगळं एकदमच झालं. ते जोडपं परत आलं. आमच्या घराची किंमत त्यांना झेपत नव्हती, पण ओल दिसल्यावर ती उतरवून मागायला त्यांना धीर आला. यांनी आयुष्यात कधी कोणाचा दावा एवढ्या चटकन मान्य केला नसेल. हे कागदावर सही करून आले आणि म्हणाले, "किंमत उतरली ती तुझ्या नेमांनी." पण म्हणताना हसत होते, कारण आता शेजारचं घर घ्यायला अडचण नव्हती.

फक्त शेजारचं घर उरलं नव्हतं. डोक्यावर कोणी तरी चालतं, ही गोष्ट फिरत फिरत घरमालकांच्या कानावर गेली होती. ते निवृत्त विज्ञानशिक्षक. जन्मभर मुलांच्या डोक्यातली भुतं काढण्यात गेलेला माणूस, आणि त्याच्याच घरात भूत. ते तिरीमिरीत बॅग घेऊन आले, गच्चीवर खुर्ची टाकून बसले, भूत आलं नाही, वारा मात्र छान आला. शाळेची घंटा त्यांना आवडली. ताईच्या हातचा चहाही. आठवड्याने त्यांनी किल्लीवाल्यांना निरोप पाठवला, की घर विकायचं नाही, ते आता इथेच राहणार.

ताईने हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज मला ओळखू आला नाही. भिंतीपलीकडे आता खरंच वाटी पडली की तिला ऐकू येत होतं. ती वाटी माझी नव्हती, एवढंच.

आमचं घर रिकामं करून द्यायची तारीख मात्र ठरलेली होती. भाड्याने काही मिळेना. मिळालं तर जिना तरी चढा असायचा किंवा मालक तरी चढेल. शेवटी यांनी एका संध्याकाळी सामानाकडे बघत, कोणाकडेही न बघता म्हटलं, की दुसरं घर मिळेपर्यंत, अगदी तात्पुरतं, ताईंकडे राहायला हरकत नसावी. त्यांना चालत असेल तर. मी फोन केला. ताई म्हणाली, चालेल की, तात्पुरतं तर तात्पुरतं. घड्याळ ऐकू आलं नाही. ती आतमध्ये पलंग सरकवायला लागली होती.

आता आम्ही ताईकडे आहोत. हे आपला टॉवेल अजून खुर्चीच्या पाठीवरच वाळवतात. सकाळी मी माळ घेऊन बसते आणि ताई शेजारी बसून अखंड बोलत राहते, काल काय झालं, शिंपी काय म्हणाला. माझ्याकडून उत्तर येत नाही, हे तिला पसंत आहे. न्हाणीघरातल्या फरशीवर मी खरखरीत रबरी चटई टाकली आहे. विज्ञानशिक्षक गच्चीवरून येता-जाता यांच्याशी वाद घालतात, आणि हे संध्याकाळी त्या वादाची तयारी करतात. पण रोज झोपताना माझ्या मनात येतं, की हे आपलं नाही. पाहुणी आहेस, बोटांवर मोजलेलं सुख आहे, पुरे म्हणायला शीक. मग मी कूस बदलते आणि ताईच्या श्वासाचा आवाज ऐकत राहते.

किल्लीवाले नेमाने घरं दाखवतात, आणि प्रत्येक घरात काही तरी निघतं. एकात ऊन नव्हतं, एकात शेजारी पोपट होता. मी काही बनवून सांगत नाही, दिसलं ते सांगते. आणि मग काल त्यांनी आम्हाला ते घर दाखवलं. ताईही बरोबर आली होती. भिंती कोरड्या, खिडक्यांना उजेड, सामान चढवायला लिफ्ट, किंमत आमच्या आवाक्यातली, आणि ताईच्या घरापासून बसने थोडंसंच दूर. थोडंसंच, पण बसने.

किल्लीवाले म्हणाले, "काकू, आता तुम्हीच सांगा. या घरात काय खोट आहे?"

मी सगळीकडे पाहिलं. फार मन लावून पाहिलं. "काही नाही," मी म्हटलं, "घर चांगलं आहे."

"चांगलं आहेच," ताई म्हणाली. "उजेड किती आहे बघ." आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

हे स्वैपाकघरात गेले होते. नळ सोडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला, पुन्हा सोडल्याचा आला. मग रुमालाला हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "हे घर नको."

"का हो काका? काय झालं?"

"पाणी फार जोरात येतं."

किल्लीवाले म्हणाले, अहो, लोक त्यासाठीच तर घर बदलतात. हे म्हणाले, लोकांचं त्यांना माहीत नाही, त्यांना जोराचं पाणी सोसत नाही. जुन्या घरात नळ कण्हायचा तेव्हा या माणसाने नगरपालिकेला किती पत्रं लिहिली, ते माझं मला ठाऊक. किल्लीवाल्यांनी माझ्याकडे वळून नुसतं पाहिलं. मी देवाचं स्मरण केलं. खोटं बोलू नये, हा माझा नेम आहे. दुसऱ्याचं खोटं दुरुस्त करावं, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. तरी मी शब्द जपून वापरले.

"यांना सोसत नसेल," मी म्हटलं, "तर कसं घ्यायचं?"

हे ताठ मानेने लिफ्टमध्ये शिरले. दार लागता लागता किल्लीवाल्यांना म्हणाले, "तुम्ही माणूस चांगले आहात. पण आम्हाला काय हवंय ते तुमच्या लक्षात येत नाही. मला वाटतं, एजंट बदलावा लागणार. पुन्हा मुलाखती घेऊ. सावकाश."

किल्लीवाले दाराला कुलूप लावायला वळले, आणि ते लावायला त्यांना फार वेळ लागला. त्यांचे खांदे हलत होते आणि जुडगा वाजत होता. लिफ्ट यांना सोडून रिकामी वर आली, दार उघडून आमच्यासमोर उभी राहिली. ताई म्हणाली, हिचा काही भरवसा नाही, आपण जिन्याने जाऊ. तिने माझा हात धरला आणि आम्ही एकेक पायरी उतरू लागलो, जितकं सावकाश उतरता येईल तितकं सावकाश.